विद्यापीठाचे दार आणि दारातील पंडित
सार्वजनिक चर्चासत्रे व प्रवेशेच्छूंच्या माहितीसभा यांविषयी काही विचार

सातव्या शतकात भारतात आलेला चिनी बौद्ध यात्रेकरू युआन च्वांग याने नालंदा महाविहाराचे जे वर्णन करून ठेवले आहे, त्यात तेथील प्रवेशद्वाराचा उल्लेख येतो. दूरदूरच्या प्रदेशांतून चर्चेसाठी येणाऱ्यांना दारातच अवघड प्रश्न विचारले जात आणि दहांपैकी सात-आठजण तेथूनच माघारी फिरत, असे तो सांगतो. हा वृत्तान्त नालंदेच्या उच्च दर्जाचा पुरावा म्हणून नेहमी उद्धृत केला जातो आणि ते यथार्थच होय. तथापि त्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. नालंदेच्या दारात एक जाणता माणूस होता. माघारी फिरणाऱ्यालाही आपण का फिरतो, आपल्याला नेमके काय येत नाही आणि पुन्हा यायचे तर कोणती तयारी करून यावे, हे त्या माणसाशी बोलल्यामुळे कळत असले पाहिजे.

आजच्या विद्यापीठाच्या दारात बहुधा असा पंडित नसतो. तेथे माहितीपुस्तिका असते, शुल्काचा तक्ता असतो, कागदपत्रांची यादी असते आणि एक अंतिम तारीख असते. ज्याच्या घरात हा मजकूर उलगडून सांगणारे कोणी आहे, त्याचे यावर भागते. परंतु ज्याच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा तोच पहिला आहे, त्याचे काय? तो प्रश्नाचे उत्तर चुकल्यामुळे परत जात नाही. तो दारापर्यंत पोहोचतच नाही. नापास झालेल्यांची गणना होते. न आलेल्यांची गणना कोठेही होत नाही.

या न आलेल्यांसाठी दारात पुन्हा पंडित बसविण्याचे दोन मार्ग विद्यापीठांकडे आहेत. एक, सर्वांना खुली असलेली चर्चासत्रे व व्याख्याने. आणि दुसरा, प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी होणाऱ्या माहितीसभा. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या आपल्या परिसरातील कुटुंबांनी या दोहोंकडे कसे पाहावे आणि त्यांचा उपयोग कसा करून घ्यावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दोन प्रकारच्या सभा

‘सेमिनार’ हा शब्द मूळ लॅटिन भाषेतील असून त्याचा अर्थ रोपवाटिका असा आहे. बी पेरून, रोप हाताळण्याजोगे झाले की ते मोठ्या शेतात लावावयाचे, ती ही जागा. अठराव्या शतकात जर्मनीतील विद्यापीठांत या नावाचे वर्ग सुरू झाले आणि एकोणिसाव्या शतकात तेथूनच ती पद्धत अमेरिकेत गेली. व्याख्यानात एकजण बोलतो व इतर ऐकतात. चर्चासत्रात एकजण आपला निबंध मांडतो, उपस्थित त्याची तपासणी करतात आणि मांडणाऱ्याला आपल्या विधानाचा आधार दाखवावा लागतो. येथे वयाने किंवा पदाने मोठा असलेल्याचे मत केवळ तेवढ्यामुळे ग्राह्य ठरत नाही.

ही कल्पना बौद्ध परंपरेला नवी नाही. मिलिन्दपञ्हात राजा मिलिंद संवादाची इच्छा प्रकट करतो तेव्हा भदंत नागसेन त्याच्यापुढे एक अट ठेवतात. पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर संवाद होईल, राजांच्या रीतीने बोलणार असाल तर होणार नाही, असा तिचा आशय आहे. पंडितांच्या वादात खंडन होते, चूक दाखविली जाते, ती मान्यही केली जाते आणि त्यामुळे कोणी रागावत नाही. चर्चासत्राची याहून नेमकी व्याख्या करणे कठीण आहे. मंगलसुत्तातही योग्य वेळी केलेली धम्मचर्चा मंगलांमध्ये गणली आहे.

माहितीसभेचे स्वरूप निराळे आहे. तेथे ज्ञानाची नव्हे, ज्ञानापर्यंत जाण्याच्या वाटेची चर्चा होते. कोणता अभ्यासक्रम आहे, त्यास पात्रता काय लागते, खर्च किती, शिष्यवृत्ती कोणती, शिकून पुढे काय करता येते, या प्रश्नांची उत्तरे विद्यापीठाच्या प्राध्यापकाने किंवा अधिकाऱ्याने समोरासमोर द्यावीत, हा तिचा हेतू होय. धम्माच्या गुणांमध्ये ‘एहिपस्सिको’ हा एक गुण सांगितला आहे. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. दार उघडून पाहावयास बोलावणाऱ्या विद्यापीठाच्या सभेलाही हाच शब्द लावता येईल.

एका विद्यार्थ्याची वाट

वेळेवर मिळालेली माहिती काय घडविते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच परिसरातील आहे. परळच्या चाळीत राहून एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणारा भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत वाचीत बसत असे. तेथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांचे त्याच्याकडे लक्ष गेले. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाल्यावर झालेल्या सत्कारप्रसंगी केळुसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. परंतु गुरुजींचे दुसरे कार्य तितकेच मोलाचे होते. इंटरनंतर पित्याची आर्थिक शक्ती संपली, तेव्हा बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड होतकरू विद्यार्थ्यांना साहाय्य करतात हे गुरुजींना ठाऊक होते आणि महाराजांपर्यंत पोहोचण्याची वाटही ठाऊक होती. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि एल्फिन्स्टन महाविद्यालयातील शिक्षण पुढे चालू राहिले.

पुढे १९१३ मध्ये महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविणार असल्याचे भीमरावांना कळले. त्यांनी अर्ज केला, करार झाला आणि त्याच वर्षीच्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. बुद्धिमत्ता त्यांची स्वतःची होती, परिश्रम त्यांचे स्वतःचे होते. परंतु योजना आहे ही वार्ता मात्र कोणाकडून तरी यावी लागते. ती तीन महिने उशिरा आली असती तर?

९ मे १९१६ रोजी कोलंबियात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये २५ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातिसंस्थेची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास या विषयावर निबंध वाचला. जातीविषयी पूर्वी लिहिलेल्या सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले व केतकर या चार विद्वानांच्या व्याख्या त्यांनी पुढे ठेवल्या, प्रत्येकीतील उणीव दाखविली आणि जातीअंतर्गत विवाहाचे बंधन हेच जातीचे मर्म होय, असे स्वतःचे प्रतिपादन केले. निबंधाच्या शेवटी, आपला सिद्धान्त टिकणारा नाही असे दाखवून दिल्यास तो सोडून देण्याचीही तयारी त्यांनी नमूद केली. मे १९१७ मध्ये हा निबंध ‘इंडियन अँटिक्वरी’त प्रसिद्ध झाला. ज्या समाजाला शतकानुशतके प्रश्न विचारण्याचा अधिकार नाकारला गेला, त्या समाजातील विद्यार्थी आता प्रश्न विचारीत होता आणि स्वतःला प्रश्न विचारावेत असे इतरांना आवाहनही करीत होता. चर्चासत्र म्हणजे काय, हे समजून घेण्यास या एका निबंधाचे वाचन पुरेसे आहे.

विद्या वस्तीपर्यंत नेण्याचे प्रयत्न

स्वतः शिकून आल्यावर बाबासाहेबांनी ही वाट इतरांसाठी रुंद करण्याचे कार्य हाती घेतले. ९ मार्च १९२४ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये सभा भरली आणि त्यातून २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. वसतिगृहे, वाचनालये आणि अभ्यासमंडळे यांच्या द्वारा शिक्षणाचा प्रसार करणे हा तिच्या उद्दिष्टांचा भाग होता. १९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्तीवर बोलताना, उच्च शिक्षण गरजू व गरीब माणसाच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत कार्य आहे, या आशयाची भूमिका त्यांनी मांडली. ‘दार’ हा शब्द येथे ध्यानात घ्यावा. माणसाने विद्यापीठाच्या दारात तिष्ठत राहावे असे त्यांनी म्हटले नाही. विद्यापीठाने माणसाच्या दाराशी जावे, असे त्यांचे म्हणणे होते.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि २० जून १९४६ रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. दिवसा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. विद्यार्थ्याने आपले आयुष्य महाविद्यालयाच्या वेळापत्रकात बसवावे, ही तोवरची रीत होती. येथे वेळापत्रकच विद्यार्थ्याच्या आयुष्याला जुळवून घेतले गेले.

धर्मानंद कोसंबी यांचेही स्मरण या संदर्भात केले पाहिजे. गोव्यातील साखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या या पुरुषाने बौद्ध विद्येच्या शोधात नेपाळ, श्रीलंका आणि ब्रह्मदेशापर्यंत प्रवास केला. विद्यापीठाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती. कलकत्ता विद्यापीठातील अध्यापनाचे काम सोडून, महाराष्ट्रात राहून कार्य करण्यासाठी सयाजीराव महाराजांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपये त्यांनी स्वीकारले. मुंबई विद्यापीठात पालीला स्थान मिळावे म्हणून डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या साहाय्याने त्यांनी प्रयत्न केले आणि हार्वर्ड विद्यापीठात विसुद्धिमग्गाच्या संपादनाचे काम केले. असा हा विद्वान पुढे परळच्या कामगार वस्तीत आला आणि १९३७ च्या सुमारास तेथे बहुजन विहार उभा राहिला. हार्वर्डपासून परळपर्यंतचा हा प्रवास म्हणजे विद्येने वस्तीच्या दाराशी येणे होय.

आजची मुंबई

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावचे रूप पालटत गेले. गिरण्यांच्या जागी मनोरे व कार्यालये आली. परंतु विद्येची ठिकाणे आपल्यापासून दूर गेलेली नाहीत. लालबागहून बसने किंवा लोकलने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरात किती दारे आहेत, ते पाहा. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाचे फोर्टचे आवार. बाबासाहेब जेथे शिकले ते एल्फिन्स्टन आणि जेथे त्यांनी शिकविले ते सिडनहॅम, ही दोन्ही महाविद्यालये ज्यात समाविष्ट झाली ते २०१९ मध्ये स्थापन झालेले डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ. फोर्टातच सिद्धार्थ महाविद्यालय. गिरगाव चौपाटीसमोर विल्सन महाविद्यालय. परळला महर्षी दयानंद महाविद्यालय, सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय आणि हाफकिन संस्था. दादरला कीर्ती महाविद्यालय. माटुंग्याला रुपारेल, तसेच रसायन तंत्रज्ञान संस्था.

यांपैकी अनेक ठिकाणी वर्षभर व्याख्याने व चर्चासत्रे होत असतात आणि त्यांतील पुष्कळ सर्वांना खुली असतात. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण विभागाची व्याख्याने तर विद्यापीठाबाहेरच्या लोकांसाठीच योजलेली आहेत. विद्यापीठाने भिंतीबाहेर जाऊन शिकवावे, ही चळवळ इंग्लंडमध्ये केंब्रिजने १८७३ मध्ये सुरू केली. बहिःशाल शिक्षण हे तिचेच भारतीय रूप. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९ मध्ये ‘चाय अँड व्हाय’ नावाचा उपक्रम आरंभिला. त्यात शास्त्रज्ञ सामान्य श्रोत्यांपुढे सोप्या भाषेत बोलतात व प्रश्न घेतात; रुपारेल महाविद्यालयातही ही सत्रे होत आली आहेत. ज्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेब शिकले, त्याचे एक केंद्र २०१० मध्ये मुंबईत सुरू झाले.

मग आपली मुले तेथे कमी का दिसतात? कारणे सांगावयास कोणी धजत नाही, म्हणून ती स्पष्ट लिहिली पाहिजेत. एक, आपल्याला बोलावलेले नाही असे वाटते. ‘सर्वांसाठी खुले’ या शब्दांत आपणही येतो, यावर मन विश्वास ठेवीत नाही. दोन, फाटकावरचा पहारेकरी कोणाकडे काम आहे असे विचारील, याचे भय. तीन, इंग्रजी. चार, आपला प्रश्न अडाणीपणाचा ठरेल ही लाज. यांतील कोणतेही कारण बुद्धीशी संबंधित नाही. सर्व कारणे दाराशी संबंधित आहेत. आणि त्यांवर उपायही साधा आहे. पहिल्या वेळी कोणीतरी सोबत जावे. पहारेकऱ्याला व्याख्यानाचे नाव व सभागृह सांगावे. इंग्रजी अर्धे समजले तरी बसावे. तिसऱ्या-चौथ्या वेळी अधिक समजते. प्रश्न मराठीत विचारावा, त्यात न्यून काही नाही.

माहितीसभेत काय विचारावे

लालबागच्या चाळीतील बारावीची एखादी विद्यार्थिनी व तिची आई अशा सभेस गेल्या, अशी कल्पना करू. पडद्यावर इमारतींची चित्रे दाखविली जातात, ग्रंथालय किती मोठे आहे ते सांगितले जाते, शेवटी ‘काही प्रश्न?’ असे विचारले जाते आणि दोघी गप्प राहतात. घरी येताना रिकाम्या हाताने येतात. असे होऊ नये म्हणून प्रश्न घरूनच लिहून न्यावेत. पुढील प्रश्न अवश्य असावेत.

पहिला प्रश्न, ही संस्था शासकीय आहे, अनुदानित आहे, विनाअनुदानित आहे की खासगी विद्यापीठ आहे? शुल्क, आरक्षण आणि शिष्यवृत्ती यांची सर्व उत्तरे या एका उत्तरावर अवलंबून असतात. दुसरा, या अभ्यासक्रमास मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती लागू आहे काय? अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी तिची कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वार्षिक अडीच लाख रुपये ठरलेली आहे. उत्पन्न त्याहून अधिक असल्यास महाराष्ट्रात शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काच्या प्रतिपूर्तीची निराळी योजना आहे. नियम बदलत असतात, म्हणून चालू वर्षाचा नियमच विचारावा. तिसरा, प्रवेशाच्या दिवशी प्रत्यक्ष किती रक्कम भरावी लागेल? पुष्कळ प्रवेश वर्षाच्या शुल्कामुळे नव्हे, तर त्या एका दिवसाच्या रकमेमुळे हुकतात. चौथा, वसतिगृह आहे काय आणि नसल्यास शासनाची स्वाधार योजना येथे मिळते काय? पाचवा, पहिल्या वर्षी अनुत्तीर्ण झाल्यास शिष्यवृत्तीचे काय होते?

कागदपत्रांविषयी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. धर्मांतरित बौद्धांना केंद्र शासनाच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० च्या दुरुस्तीने मिळाल्या. त्यासाठी जातीचे प्रमाणपत्र योग्य नमुन्यात असावे लागते. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी त्याशिवाय जात वैधता प्रमाणपत्रही लागते आणि ते जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडून मिळण्यास वेळ जातो. आजोबांच्या शाळेचा दाखला गावाहून आणावयाचा असेल तर आणखी वेळ जातो. हे काम निकालानंतर नव्हे, अकरावीतच सुरू केले पाहिजे. गुण असूनही एका कागदासाठी वर्ष वाया जाणे, ही हानी ज्ञानाची नव्हे, माहितीची होय.

परदेशी शिक्षणाच्या सभांविषयी अधिक सावध असावे. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती या योजना अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी उपलब्ध आहेत आणि त्यांचे निकष सामाजिक न्याय विभागाच्या जाहिरातीत वाचावयास मिळतात. परंतु शहरातील हॉटेलांत भरणारे सर्वच मेळावे विद्यापीठे भरवीत नाहीत. काही दलाल संस्थाही भरवितात आणि विद्यार्थी पाठविल्याबद्दल त्यांना विद्यापीठांकडून मोबदला मिळतो. असा मोबदला घेणे हा अपराध नव्हे, पण बोलणाऱ्याचा स्वार्थ कोठे आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे. भगवान बुद्धांनी कालामांना केलेला उपदेश येथे उपयोगी पडतो. बोलणारा अधिकारी दिसतो किंवा सारे तसेच म्हणतात, एवढ्यावरून काहीही स्वीकारू नये. स्वतः पडताळून पाहावे. त्याच सभेत सही करू नये, अनामत रक्कम भरू नये. सांगितलेली गोष्ट विद्यापीठाच्या स्वतःच्या छापील वा अधिकृत माहितीशी ताडून पाहावी.

विहाराचे कार्य

हे सर्व प्रत्येक कुटुंबाने एकट्याने करावे, अशी अपेक्षा ठेवणे योग्य नाही. केळुसकर गुरुजी हे एक व्यक्ती होते. त्यांच्या कार्याला संस्थेचे रूप देणे विहारांना शक्य आहे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. विहाराच्या फलकावर वर्षावासाच्या कार्यक्रमाशेजारी त्या महिन्यातील खुल्या व्याख्यानांची व माहितीसभांची यादी लावता येईल. रविवारच्या वंदनेनंतर पाच-सात विद्यार्थ्यांना घेऊन जाणारा एखादा उपासक किंवा उपासिका ठरविता येईल. सायंकाळी उशिरा संपणाऱ्या सभेहून मुलींना घरापर्यंत सोबत देण्याची जबाबदारी वाटून घेता येईल. जो सभेस जाऊन आला, त्याने पुढच्या रविवारी दहा मिनिटे उभे राहून काय ऐकले ते सांगावे. म्हणजे एकाने मिळविलेली माहिती चाळीसजणांची होते. आपल्यातून प्राध्यापक, अभियंते, डॉक्टर, अधिकारी झालेल्यांनी मे-जून महिन्यांत एक-दोन सायंकाळी विहारात बसून केवळ अर्ज भरून देण्याचे काम केले, तरी ते दानच ठरेल.

दुसऱ्या बाजूने विद्यापीठांकडेही मागणी केली पाहिजे. माहितीसभा केवळ आपल्या आवारात न भरविता दादर-परळच्या सभागृहांत, विहारांत आणि ग्रंथालयांत भरवाव्यात. त्या मराठीत असाव्यात. कामावरून सुटलेल्या आईबापांना येता येईल अशा वेळी असाव्यात. आणि शिष्यवृत्तीचे काम पाहणारा कारकून तेथे हजर असावा, कारण प्राध्यापकाला ठाऊक नसलेली पुष्कळ उत्तरे त्याला ठाऊक असतात. ही मेहेरबानीची याचना नव्हे. १९२७ मध्ये विधिमंडळात सांगितलेल्या कर्तव्याची ती आठवण आहे.

दरवर्षी ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी उसळते, ती पाहिल्यावर या समाजाला ज्ञानाची भूक नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. पिशवीत भाकरी बांधून आलेला माणूस परतताना त्याच पिशवीत पुस्तके घेऊन जातो. तो पुस्तकाच्या दुकानापर्यंत निर्भयपणे जातो, कारण तेथे त्याला कोणी अडवीत नाही आणि ते दुकान आपले आहे असे त्याला वाटते. विद्यापीठाच्या सभागृहाविषयी त्याला, त्याच्या मुलाला आणि मुलीला तसेच वाटू लागले पाहिजे. त्याचा आरंभ एखाद्या सायंकाळी, कोणाचा तरी हात धरून, मागच्या रांगेतील खुर्चीवर जाऊन बसण्याने होतो. पुढच्या महिन्यात आपल्या परिसरात अशी जी सभा असेल, तिला एका तरी विद्यार्थ्याला घेऊन जाण्याचा संकल्प प्रत्येक वाचकाने करावा.